साळवे सर आणि कर्जतचा फोन

वहिनी, मोठे साहेब, दूध संघातले माझे सहकारी, आणि बेलापूरहून सकाळच्या एसटीने आलेले सरांचे गाववाले,

सरांच्या शोकसभेत बोलायला उभा राहिलोय. दुःख आहेच. खरं सांगतो, राग जास्त आहे. आधीचे वक्ते मोठ्या मनाने म्हणाले, साळवे सर गुणी माणूस, कर्जतची ती एक चूक सोडली तर. का सोडायची? ती सोडून मला सरांवर बोलताच येणार नाही.

गाववाल्यांसाठी सांगतो. आमच्या प्रत्येक दूध केंद्रावर एक कॉम्प्युटर आहे. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्राम, आमचा विभाग फ्लॉपीवर भरून पाठवतो. केंद्रावरच्या माणसाने काहीच बदललं नाही, तर मशीनने केंद्राचे निरोप फोनच्या तारेवरून कुठे आणि कसे धाडायचे, हे आम्हीच आधी ठरवून द्यायचं. आणि पत्ता अनोळखी निघाला तर? सर म्हणायचे, मशीनने सरळ माहीत नाही म्हणावं. फोन लावायचा तो माणसाने सांगितल्यावरच.

हे तपासायची सरांची रीत ठाऊक आहे ना? आपले शिपाई भानुदासमामा. त्यांना मशीनपुढे बसवायचे आणि म्हणायचे, मामा, काही वाचू नका, नुसतं एंटर दाबत चला. शेवटी मशीन नीट वागलं तरच फ्लॉपी बाहेर जायची. आम्ही हसायचो. मी तर तोंडावर म्हणालो, सर, हा काय पोरखेळ.

सर म्हणाले, "अरे, केंद्रावरचा माणूस दूध मोजील का तुझं इंग्रजी वाचील?"

कर्जतकडच्या केंद्रांच्या फ्लॉप्या गेल्या तेव्हा सर रजेवर होते. मी शहाणपणा केला. पत्ता अनोळखी असला की मशीनने कुणाला न विचारता फोन लावून सगळं नगरच्या ऑफिसला धाडायचं, असं ठरवून टाकलं. मामांना बसवलं नाही. तिकडे एका केंद्रावर मशीन आपलं आपण दिवसभर फोन लावत बसलं. केंद्रात फोन एकच. एका मावशींची गाय विताना अडली होती. त्या जनावरांच्या डॉक्टरला बोलवायला धावत आल्या, तर लाईन मोकळी होईना. गाय गेली.

निष्काळजीपणाचा मेमो सरांना निघाला, कारण विभाग त्यांचा. मी म्हटलं, साहेबांना खरं सांगतो.

सर म्हणाले, "तू अजून कायम झाला न्हाईस. गप बस. आदी केंद्रांवरचं नीट करू."

आणि मी गप्प बसलो. सर एसटीने केंद्रामागून केंद्र फिरले, माझं केलेलं पुसत. मी कायम झालो. सरांची बढती गेली. तुम्ही त्यांना कर्जतवाले सर म्हणून चिडवायचात, मीही त्यात हसलो. आता परवा सर गेले, आणि आज आपण त्यांना माफ करतोय. कशाबद्दल माफ करतोय आपण?

मोठे साहेब, कागदपत्रांसाठी वहिनींसमोर सरांची फाईल उघडली जाईल. त्यात नवऱ्याचा निष्काळजीपणा वाचायचा का त्यांनी? तो मेमो रद्द करा. नवा माझ्या नावाने काढा. मी सगळं लिहून, सही करून आणलंय. हे घ्या.

वहिनी, सर असताना घरी येऊन हे सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही.

सर, जय भीम.

आता दोन मिनिटं उभे राहू. कर्जत आठवलं, तर माझं नाव आठवा.