चष्मेवाल्याचा अजगर

...आणि वर हा चष्मेवाला मलाच म्हणतो, "आजी, तुम्ही आता नुसतं बघत बसा, खुर्ची माझ्या मेहुण्याला द्या." नुसतं बघत बसा म्हणे. अरे, नुसतं बघायचं असतं तर मी माझ्या घरी खिडकीत बसले असते, रस्त्यावर भांडणं काय कमी होतात? तुझ्या दुकानात, तुझ्या त्या डुगडुगणाऱ्या टेबलाशी, भिंतीवरचे दोनशे चष्मे माझ्याकडे टक लावून बघत असताना मी दर रविवारी दुपारी येते ती काय बघायला? मी खेळायला येते. मी काही उठले नाही.

तुम्हाला सांगते, हा खेळ साधा नाही. चार माणसं बसतात, प्रत्येकाकडे शंभर पत्ते, आणि शंभरातला एक दुसऱ्यासारखा नाही. राक्षस, चेटकिणी, बोलणारी झाडं, काय काय छापतात मेले. एक सरदार समोर मांडून ठेवायचा, चाळीस जीव घेऊन सुरुवात करायची, आणि सगळ्यांनी सगळ्यांवर तुटून पडायचं. शेवटी ज्याच्याकडे जीव उरला तो जिंकला. म्हणजे एकत्र कुटुंबच की. मला त्यात शिकवायचं काय होतं? आम्ही चौघं ठरलेले. मी, माझी नात, ती इस्पितळात एक्स-रे काढते, वरच्या मजल्यावरची शिंपीण, आणि हा चष्मेवाला. दर तीन-चार महिन्यांनी नवे पत्ते निघतात, आणि आमचा रिवाज असा की नव्यातला जो आवडला तो प्रत्येकानं आणायचा आणि टाकताना सगळ्यांना वाचून दाखवायचा.

आता, मला वाचता येत नाही. मी कधी लपवलं नाही. ह्याच चष्मेवाल्यानं एकदा माझे डोळे तपासायला भिंतीवरचा तक्ता दाखवला, "आजी, खालची ओळ दिसते?" मी म्हटलं, दिसते ना स्वच्छ, ओळख तेवढी नाही.

पण ऐकायला येतं ना. नवे पत्ते आले की नात एकेक वाचते, मी कपड्यांच्या घड्या घालता घालता ऐकते, चित्र बघते, झालं. एकदाच. दुसऱ्यांदा विचारलं तर नाव बदलेन. माझ्या लग्नात माझ्या नणंदेनं कुठल्या दारात उभं राहून मला काय म्हटलं ते मी आजही सांगू शकते, मग दोन ओळींचा पत्ता तो काय.

तर चष्मेवाला म्हणतो, "आजी, तुम्ही वाचत नाही, तुम्ही सांगता. सांगण्यात आणि वाचण्यात फरक असतो. हा मेहुणा बघा, दोन पदव्या आहेत ह्याच्या." मेहुणा मागे उभा, हाताची घडी घालून, पदव्या खिशात असल्यासारखा. शिंपीण म्हणाली, "अहो, असू द्या की, म्हातारं माणूस आहे." तेच मला जास्त लागलं. आणि नात, माझी स्वतःची नात, माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणते, "आजी, जाऊ दे, ऊठ ना, कशाला तमाशा."

ऊठ. तुम्हाला सांगते, मी सात वर्षांची असताना भाऊ शाळेत आत बसायचा आणि मी बाहेर पायरीवर बसून ऐकायचे. त्याच्याआधी माझे पाढे पाठ झाले. एक दिवस मास्तर बाहेर आले नि म्हणाले, "ए पोरी, ऊठ इथून." उठले. तेव्हा उठले. आता गुडघेही तसे राहिले नाहीत आणि मीही. मी काही उठले नाही.

मी म्हटलं, असं करा. मेहुण्याला माझ्या मागे उभं करा. मी टाकेन तो पत्ता मी सांगेन, त्यानं वाचावा. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर खुर्ची त्याची, आणि मी पुन्हा ह्या दुकानात पाय ठेवणार नाही, चष्मासुद्धा दुसरीकडून करीन. चष्मेवाला म्हणाला, "नंतर रडायचं नाही हं." मी म्हटलं, पत्ते पिसा.

पहिली टाकली ती उंबऱ्यावरची म्हातारी. नव्यातली माझी सगळ्यात लाडकी. पत्त्यावर नाव काहीतरी भलतंच आहे म्हणे, मी आपली चित्रावरून हाक मारते. डोंगराएवढी बाई, दारात बसलेली, मांडीवर काठी. मी म्हटलं, "माझ्यावर चालून येणाऱ्यानं दर प्राण्यामागे आधी दोन नाणी मोजावी." मेहुण्यानं पत्ता उचलला, डोळ्यांजवळ नेला. "बरोबर आहे," म्हणाला, दात उपटून घ्यायला आल्यासारखा. ती कोणाला मारत नाही, काही नाही, नुसती बसते. पण चौघांच्या खेळात बसण्यालाच किंमत असते. तीन माणसं बघतात, हिच्याकडे जायला खर्च आहे, शेजारणीकडे फुकट आहे, आणि शेजारणीकडे जातात. शिंपीण बिचारी सारखा मार खात होती.

तोवर चष्मेवाल्यानं त्याचा आवडता नवा पत्ता काढला. अजगर. पंखवाला, सोनेरी, अर्ध्या पत्त्याबाहेर शेपूट. ह्याला मेलं सगळं मोठंच आवडतं. धाडकन टाकला आणि वाचला, "हा उडतो. ह्याचा घाव सात." आणि पत्ता खाली. मी ऐकलं. नातीनं मला तीन गोष्टी वाचून दाखवल्या होत्या, ह्यानं दोनच वाचल्या. मी बोलणार होते, पण म्हटलं, मागे उभा केलेला पदवीधर माझे पत्ते तपासायला आहे, मालकाचे नाही. गप्प बसले. पुढच्या फेरीत शिंपिणीनं अजगर मारून टाकला, तरी मी लक्षात ठेवलं.

मग मार सुरू झाला, काय विचारता. नात आधी संपली, फोन बघत बसली. शिंपिणीकडे पाच जीव, चष्मेवाल्याकडे सहा, आणि माझ्याकडे चार. चष्मेवाला मेहुण्याला म्हणतो, "खुर्ची पुसून ठेव." माझ्यादेखत.

तेव्हा मी नदीवरची धोबीण काढली. ओले केस, हातात मोगरी. म्हटलं, "ही आली की प्रत्येकानं आपल्या मेलेल्यांतला एकेक परत उठवावा." मेहुणा म्हणाला, "बरोबर." नात किंचाळायचीच राहिली, "आजी, अगं ते अजगर घेतील."

"घेऊ दे."

"अगं पण..."

"त्यांचा अजगर आहे, त्यांनी नाही घ्यायचा तर कोणी घ्यायचा?"

घेतला. लगेच. मग मी पोपट टाकला. तिसरा लाडका. एवढासा, हिरवा, चोच वाकडी. "बोट दाखवीन त्या प्राण्यानं येत्या फेरीत कोणावर तरी तुटून पडलंच पाहिजे, फक्त माझ्यावर नाही. एकदा बोलला की पोपट मरतो." म्हणजे माझी धाकटी जाऊ, फक्त ती बोलून मरत नाही. मेहुण्यानं "बरोबर" म्हणायचं सोडून नुसती मान हलवली. मी अजगराकडे बोट दाखवलं. अजगर शिंपिणीवर पडला, शिंपीण संपली. "वा आजी," म्हणाली, "तुम्हाला म्हातारं माणूस म्हटल्याचं बक्षीस." मी म्हटलं, हो.

उरलो दोघं. चष्मेवाल्याच्या हातात एकच पत्ता, छातीशी धरलेला. मी म्हटलं, "एवढा मोठा अजगर बसवलाय समोर आणि एक पत्ता लपवून धरता? चार जीवांच्या म्हातारीची भीती वाटते होय?" मेहुणा हसला. मेहुणा हसल्यावर हा काय थांबतोय? टाकला तोही. कसलंसं जंगल होतं, काही कामाचं नव्हतं.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "माझं काही नाही." तो म्हणाला, "संपलात आजी," आणि नवा पत्ता उचलायला हात पुढे केला.

"थांबा. अजगर वाचा."

"वाचलाय की."

"मोठ्यानं. रिवाज आहे."

"हा उडतो. ह्याचा घाव सात."

"खाली अजून एक ओळ आहे. बारीक आहे."

त्यानं चष्मा वर केला. खाली केला. पत्ता लांब धरला, जवळ आणला, दिव्याखाली नेला. लोकांना चष्मे देणारा माणूस. शेवटी मेहुण्यानं त्याच्या हातातून घेतला आणि वाचला, "मालकाची पाळी सुरू होताना त्याच्या हातात एकही पत्ता नसेल, तर अजगर आधी मालकाला डसतो." सात. आणि ह्याच्याकडे सहा. महिनाभर हा अजगर खिशात घेऊन गावभर मिरवत होता, एकदाही शेवटपर्यंत वाचला नव्हता. वाचता येतं ना, मग वाचायची गरज काय.

नातीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी तो काढला, थोड्या वेळानं ठेवू दिला. मेहुण्यानं एक स्टूल आणलं आणि माझ्या शेजारी बसला. मी काही उठले नाही.

जिंकले म्हणता? ऐका पुढचं. त्या दिवसापासून एकूण एकानं पत्ता वाचायचा सोडलाय. शिंपीण, "आजी, ह्या झाडाचं काय हो?" नात, "आजी, ही चेटकीण उडते का गं?" चष्मेवाला सगळ्यात आधी, अगदी नम्रपणे, "आजी, खाली काही बारीक आहे का?" आणि तो दोन पदव्यांचा मेहुणा, "आजी, दुसऱ्यांदा सांगता का?" चौघांचे चारशे पत्ते माझ्या डोक्यात, माझी पाळी येईस्तोवर घसा कोरडा. परवा म्हटलं, अरे, जरा पाय मोकळे करून येते, तर चौघं एकदम म्हणाले, "आजी, बसा."

आता मला उठायचं असतं, तर कोणी उठू देत नाही.