पाठीवरची टकटक

टेंभुर्णीच्या पेट्रोल पंपावर माझ्यापुढच्या मोटारसायकलवर एक म्हातारं जोडपं होतं. नवं हेल्मेट बाईंच्या मांडीवर होतं.

“लेकीनं हे मांडीवर ठेवायला धाडलं का? घाला.”

“घातलं की तुझं बोलणं ऐकू येत न्हाई, द्वारका.”

“चांगलंच की. रोज तेच तर बोलून राह्यले.”

“तू बोलतीस तवर कळतं, जागी हायेस. परवा गप झाल्तीस अन् पडता पडता वाचलीस.”

“वारं लागलं की डोळे मिटतात. दोन्हीकडं कपाशी फुटलेली, ढगातून चालल्यावानी वाटतं.”

“म्हणून बोलत राह्य.”

“त्यापेक्षा पाठीवर बोटानं टकटक करत राहते. घाला आता.”

“अन् टकटक थांबली तर?”

“तर गाडी झाडाखाली घ्या. पण लगेच उठवू नका.”