चापाला भोक कशासाठी?

नॉटबुर्गा: खोटं असेल तर आत्ता, या टेबलावर, माझे सगळे दात गळून पडू देत! अक्षर न् अक्षर खरं सांगणार आहे. देवाची शपथ, माझ्या शेळ्यांची शपथ...

क्रेसेन्स: दात सकाळपासून पेल्यात आहेत, वहिनी.

नॉटबुर्गा: तू आपलं विण गं. या पोरीनं विचारलंय, चापाला भोक कशासाठी. इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं.

रोमाना: आजी, मी एवढंच म्हटलं की आमच्या कारखान्याच्या प्रत्येक बाइंडिंगला, म्हणजे बूट स्कीवर पकडणाऱ्या चापाला, पुढे हे आडवं भोक असतंच. हा माझा नवा नमुना बघा. स्प्रिंग बदलली, टाचेचा भाग बदलला, वजन निम्म्यावर आणलं. पण भोकाला हात लावायचा नाही, असं आजोबांचं म्हणणं. जाहिरातीत छापतात, यातून वारा शिरतो आणि साचलेला बर्फ उडून जातो. मी तपासून पाहिलं. काही उडत नाही.

नॉटबुर्गा: उडेल कसा? ते भोक मी पाडलंय.

रोमाना: तुम्ही?

नॉटबुर्गा: मी. पण आधी तू कशाला आलीस ते नीट सांग. एगोनची नात माझ्या उंबऱ्याच्या आत येते, म्हणजे काहीतरी अडलंय.

रोमाना: अडलंयच. रविवारी आजोबांची नव्वदी. त्याच दिवशी हे बाइंडिंग लोकांसमोर आणायचंय, 'एगोन' या नावानं. चार हिवाळे खपलेय मी यावर. पण इथल्या बचाव पथकातलं कुणी ते पायात घालायला तयार नाही. आणि ज्याच्यावर आपल्या खोऱ्यातली माणसं पाय ठेवत नाहीत, ते बाहेर कोण घेईल? ज्याला विचारावं तो म्हणतो, आधी नॉटबुर्गा आजीला विचार.

नॉटबुर्गा: शहाणी आहेत पोरं. क्रेसेन्स, हिला घोटभर श्नॅप्स दारू दे. ऐकायला लागेल.

क्रेसेन्स: मला पण लागेल. दर वेळी नवीन ऐकते मी.

नॉटबुर्गा: माझा नवरा कोर्बिनियान. हिचा भाऊ. गावात खोगीर, पट्टे, बूट, सगळं दुरुस्त करायचा. त्या काळी स्कीवर डोंगर चढायला पायात काय होतं? लोखंडी सांगाडा! अख्खा बूट त्यात आवळायचा आणि बेडी घातल्यासारखं चालायचं. यानं गोठ्यात बसून चाप केला. बुटाच्या चवड्याला दोन्ही बाजूंनी दोन खिळे चिमटीत धरतात, बास. चढताना टाच मोकळी, उतरताना टाच बंद.

रोमाना: हे तर आजोबांनी...

नॉटबुर्गा: तुझा आजोबा दर रविवारी माझ्या टेबलावर बसून शिळ्या पावाचे गोळे खायचा!

क्रेसेन्स: आठ-आठ खायचा.

नॉटबुर्गा: चौदा! खाऊन झाले की दोघं नवा चाप घालून डोंगरावर. जिवाभावाचे मित्र. एकदा म्हणाला, कोर्बिनियान, एक जोड घरी नेतो, तोलून बघतो. तो तोलतच बसला. वसंतात कळलं, इन्सब्रुकला जाऊन स्वतःच्या नावानं पेटंटची नोंद करून आलाय.

रोमाना: आजोबा म्हणतात, त्यांना तो स्वप्नात सुचला.

नॉटबुर्गा: माझे गोळे खाऊन झोपला असेल, म्हणून सुचला! कोर्बिनियान काही बोलला नाही. कानस खाली ठेवली आणि गोठ्यात जायचंच बंद केलं. त्याची छाती आधीच नाजूक, त्यात खोकला जडला. शरद उजाडेपर्यंत खिडकीशी खाट टाकावी लागली. शिव्या मी दिल्या, दोघांच्या वाटच्या.

क्रेसेन्स: चूल विझेपर्यंत दिल्यास.

नॉटबुर्गा: त्यानं एगोनचा केसही वाकडा झाला नाही. मग मी विचार केला. एगोनकडे पहिला चाप होता, पण त्यात खोट होती. खिळ्यांच्या खाली बर्फ घट्ट बसायचा आणि चाप नीट मिटायचा नाही. कोर्बिनियानला ठाऊक होतं. एगोनला ठाऊक होतं, पण उपाय येत नव्हता. म्हणजे तो पुन्हा हुंगत येणार.

रोमाना: म्हणून तुम्ही खोटा नमुना केला?

नॉटबुर्गा: खोटा कशाला? चांगला दणकट केला. पहिल्यांदा मनात आलं होतं, खिळा आतून अर्धा कापून ठेवावा. उतारावर तुटला की माणूस थेट दरीत.

क्रेसेन्स: कानस हातात होती हिच्या. मी पाहिली.

नॉटबुर्गा: होती. पण तो मेला हा चाप लोकांना विकणार होता गं. त्या लोकांच्या बायकांनी माझं काय घोडं मारलं होतं? मला एकटा एगोन हवा होता. जिवंत हवा होता. लाज वाटायला माणूस जिवंत लागतो.

रोमाना: मग भोक?

नॉटबुर्गा: तू शेळ्या राखल्यास कधी? नाही. आमच्याकडे शेळ्यांना मीठ द्यायचं ते शिट्टीवर. प्रत्येक घराची शिट्टी वेगळी, आपली ऐकली की शेळी चारा सोडून धावते. माझी ओल्या फांदीची, मी पोरवयात केलेली. तीच शिट्टी मी चापाच्या पत्र्यात उतरवली. आडवं भोक, वर तिरपी खाच. फुंकून बघितलं तर नुसतं फुसफुसलं. खाटेवरून कोर्बिनियान म्हणाला, खाच अजून तिरपी घे. कितीतरी दिवसांनी बोलला. मग म्हणाला, जोरात वाजू दे, मला इथं खिडकीत ऐकू आलं पाहिजे.

क्रेसेन्स: हे खरं आहे. मी तिथंच होते.

नॉटबुर्गा: सगळंच खरं आहे! मग मी बेकरीवालीला सांगितलं, कुणाला बोलू नकोस हं, पण ह्यांना बर्फावर उपाय सापडला, एक भोक आहे, त्यातून वारा येतो आणि बर्फ उडवतो. दुपारपर्यंत खोरंभर झालं. दोन दिवसांत एगोन हजर! हातात केक, तोंडावर काळजी. म्हणे, आजाऱ्याला बघायला आलो. मी चाप ठेवला होता स्वयंपाकघरात, आणि त्याच्या शेजारी लोण्याचा मोठा गोळा. म्हटलं, बस हं, मी कॉफी करते. आणि गेले अंगणात कॉफी करायला.

रोमाना: अंगणात?

नॉटबुर्गा: परत आले तर लोण्याचा गोळा गायब! चापाचा ठसा लोण्यात घेऊन, गोळा कोटात घालून गेला. वाटभर विजारीतून लोणी ठिबकत होतं.

क्रेसेन्स: लोणी माझं होतं. आणि ठिबकलं नव्हतं, थंडी होती.

नॉटबुर्गा: ठिबकलं! तर, जानेवारीत संत सेबास्टियानच्या सणाला गावाची शर्यत. बवेरियापासून पाहुणे. फादर, बँडवाले, शाळेची पोरं, सगळे उताराखाली. एगोन नवा चाप घालून वर गेला. चढताना काही नाही, वेग कुठाय? मग वरून हात हलवला आणि सुटला. आधी आवाज असा, जणू किटलीला उकळी फुटतेय. मग वेग वाढला तशी शिट्टी चढली. बँड थांबला. गावातली कुत्री रडायला लागली. आणि माझ्या गोठ्याचं दार...

क्रेसेन्स: दार तू आधीच उघडं ठेवलं होतंस.

नॉटबुर्गा: दार शेळ्यांनी मोडलं! हिवाळाभर मीठ कमी दिलं होतं मी त्यांना. दीडशे शेळ्या...

क्रेसेन्स: अकरा.

नॉटबुर्गा: अकरा शेळ्या, पण दीडशेच्या ताकदीच्या! थेट त्याच्यावर. तो वळला, त्या वळल्या. तो जितका पळतोय तितकी शिट्टी जोरात, तितक्या त्या खूश. शेवटी फादरच्या पायाशी आडवा झाला. त्याच्या छातीवर माझी म्हातारी पांढरी शेळी उभी, त्याचं तोंड चाटतेय. आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, एगोन, चोरायचं तर भोक कशासाठी आहे ते तरी विचारायचं!

रोमाना: देवा. म्हणून घरात कुणी शिट्टी वाजवली की ते थाळी फेकतात. म्हणून कारखाना खिंडीपलीकडे नेला.

नॉटबुर्गा: पोरं शिट्टी मारायची ना, तो दिसला की! आणि इकडे वर, आमच्या खिडकीत कोर्बिनियान. खाटेवर उठून बसलेला. मी धापा टाकत आले तर हा हसतोय. खोकला विसरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतोय. म्हणाला, ऐकू आलं गं. सगळं ऐकू आलं.

(क्रेसेन्सच्या सुया थांबतात.)

रोमाना: पण मग भोक ठेवलं का आजोबांनी?

नॉटबुर्गा: काढलं असतं तर चूक कबूल झाली असती. तो म्हणाला, बर्फासाठीच आहे, खाच तेवढी जादा होती. खाच बुजवली, भोक ठेवलं. आता तुम्ही त्याच्यावर जाहिराती छापता.

रोमाना: आजी, तुम्ही रविवारी याल का? काय केलं तर याल?

नॉटबुर्गा: 'एगोन' खोडायचं. 'कोर्बिनियान' लिहायचं, तिथं, चवड्याजवळ, चढताना डोळ्यांसमोर राहील असं. आणि ते नाव तुझ्या आजोबानं उभं राहून, सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं वाचायचं.

रोमाना: ते मरतील पण वाचणार नाहीत.

नॉटबुर्गा: मग मी शेळ्या घेऊन येते.

क्रेसेन्स: सध्या चारच आहेत.

रोमाना: ते मला कारखान्यातून काढतील, आजी.

नॉटबुर्गा: काढू दे. इथं गोठ्यात जागा आहे. इथंच एकानं पहिला चाप केला होता.

रोमाना: ...नमुना माझा आहे. खिळा, स्प्रिंग, सगळं मी केलंय. नावही मीच ठेवीन. टोकदार काही आहे का?

क्रेसेन्स: हे घे. माझी सुई.

रोमाना: को... र्बि... वाचता येतंय?

नॉटबुर्गा: चष्म्याशिवाय येतंय. आता खाच पाड.

रोमाना: खाच?

नॉटबुर्गा: तिरपी. रविवारी पहिल्यांदा ते घालून तूच उतरणार ना? एगोन पुढच्या खुर्चीत बसलेला असेल. मी शेजारी बसेन.

क्रेसेन्स: कानस कपाटात आहे. दुसरा खण.

रोमाना: तुम्ही दोघी भयंकर आहात. बरं, पाडते. आणि आजोबांना शिट्टी ऐकल्यावर एकच गोष्ट सांगेन. कोर्बिनियान आजोबा खिडकीत बसून हसले होते, ही. शेळ्यांपेक्षा तीच त्यांना जास्त लागेल.

नॉटबुर्गा: ती नको सांगूस.

रोमाना: का?

नॉटबुर्गा: क्रेसेन्स तिथं गप्प बसली, बघितलंस ना? एरवी शेळ्या मोजून घेते माझ्याकडून.

क्रेसेन्स: वहिनी, राहू दे.

नॉटबुर्गा: तेवढं मी पदरचं घातलंय, पोरी. कोर्बिनियान नोव्हेंबरातच गेला, बर्फ पडायच्या आधी. खाट रिकामी होती. खिडकी मात्र उघडून ठेवली होती मी.