सात दिवसांचा पास

पासचं नाव काढू नका माझ्यासमोर. मागच्या वर्षी मी अन् बायकोनं एस.टी.चा सात दिवसांचा पास काढला. एकदा पैसे भरा अन् कुठीबी फिरा. गोंडपिपरीचा माझा मोठा भाऊ म्हणे, "मलेबी घेऊन चाल ना."

मी म्हटलं, "दादा, तुहे गुडघे असे. तू दिवसभरात एकच देऊळ पाहशीन. पास वसूल कसा होईन?"

तो हसला. "एक पाह्यलं तरी लय झालं मले."

दोन दिवसांत आम्ही आठ देवळं उरकली. तिसऱ्या दिवशी सकाळी रामटेकले फोन आला, दादा गेला. त्याच पासवर त्याच्या मातीले पोचलो.

पास संपायच्या दिवशी अस्थी घेऊन मार्कंड्याले निघालो. कंडक्टर म्हणे, "काका, पिशवी सीटखाली सरकवा."

बायको म्हणे, "भाऊ, ते खाली ठेवत नाईत."

त्यानं पिशवीकडे पाह्यलं, पास पाह्यला, अन् पुढच्या सीटकडे गेला. पास दोघांचा होता. दादा माझ्या मांडीवर होता.

वैनगंगेत अस्थी सोडल्या. काठावरच देऊळ. माझे पाय सवयीनं तिकडं वळले, तर बायकोनं हात धरला. "काऊन जाता? सुतक आहे ना आपल्याले."

दिवसभरात एकच देऊळ होतं त्या दिवशी. तेबी बाहेरूनच पाह्यलं.