मास्तरांचा पाय

मास्तर : म्हणजे इथे शिकायला येण्याआधी तुम्ही कधीच गाडी चालवली नव्हती?

नर्स : भावाने एकदा शिकवायला घेतलं होतं. गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आतच तो ‘गेलो, मेलो’ करत उतरला.

मास्तर : आणि मला पहिल्याच दिवशी म्हणालात, ‘हात बसलेला आहे, फक्त सवय मोडलीय.’

नर्स : म्हणून तर तुम्ही निवांत बसलात. शेंगदाणे काय खात होतात, गुणगुणत काय होतात. मला वाटलं, मास्तर शेंगदाणे खातायत म्हणजे आपलं बरं चाललंय.

मास्तर : अहो ताई, माझ्या बाजूलाही ब्रेक असतो. मी त्याच्याजवळ पायसुद्धा नेला नाही. काही झालं असतं तर?

नर्स : झालं का?

मास्तर : नाही.

नर्स : शाळेत आमच्या गणिताच्या बाई खडू देतानाच तो परत घ्यायला हात पुढे करायच्या. फळ्याशी गेले की माझी बोबडी वळायची. म्हटलं, या वेळी येतं म्हणून आधीच ठोकून द्यावं.

मास्तर : धन्य आहात. सिग्नल सुटला, निघा.

(गाडी आचका खाऊन बंद पडते.)

मास्तर : क्लच एकदम सोडलात.

नर्स : क्लच राहू दे. तुमचा पाय बघा कुठे आहे.

मास्तर : अरेच्चा. ब्रेकवर आपोआपच गेला.

नर्स : उद्या परीक्षा आहे, मास्तर. लायसन्स मिळालं तर घरोघरी जाऊन पेशंट बघायचं काम मिळेल. नाहीतर आहेच तळघरात बसून पट्ट्या गुंडाळणं. मला ते नकोय हो.

मास्तर : मग खरं सांगितलंत कशाला?

नर्स : आता येतंय, तर सांगून टाकावं वाटलं. नसता शहाणपणा.

मास्तर : मग माझंही ऐका. तुम्ही माझ्या पहिल्याच विद्यार्थिनी. क्लासचे मालक म्हणाले, या बाईंना सगळं येतं, यांच्यापासूनच सुरुवात कर.

नर्स : आणि मला सांगत होतात, अर्धं गाव तुमच्या हाताखालून गेलंय?

मास्तर : तुम्ही ‘मास्तर’ म्हणून हाक मारलीत. काहीतरी शोभेल असं बोलायला नको?

नर्स : मागचे हॉर्न मारतायत.

मास्तर : मारू देत. ताई, मघाशी तुम्ही माझी थट्टाच केलीत ना?

नर्स : थट्टाच. आणि तुम्ही?

मास्तर : मीही.

नर्स : वाटलंच मला.

मास्तर : चला, मी पाय काढलाय.