सिलिंडरला लावलेली कानस

बहीण : हात नंतर पूस. आधी हे बघ. माझ्या चेनसॉचा सिलिंडर. धूर बाहेर पडायचं भोक एवढं मोठं कोणी केलं?

भाऊ : ताई, हळू बोल. बाहेर गिऱ्हाईक बसलंय.

बहीण : बसू दे! मी तुझ्याकडे मशीन कशाला दिलं होतं?

भाऊ : साखळीला धार लावायला.

बहीण : आणि तू इंजिन खोलून आत कानस घातलीस!

भाऊ : तूच म्हणायचीस ना, जाड खोडात मशीन दम टाकतं म्हणून? लाकूड कापायच्या शर्यतीवाले सगळे असंच करतात. भोक मोठं केलं की इंजिन मोकळं फिरतं, ताकद वाढते. वाढली नव्हती? खरं सांग.

बहीण : वाढली होती. लोण्यासारखं कापत होतं. मला वाटलं, धारच झकास लागलीय. घरी तुझं कौतुक करत होते मी, शहाण्या!

भाऊ : मग बिनसलं कुठे?

बहीण : आज सकाळी झाडावर. मी दोराला लटकलेली, फांदी अर्धी कापून झालेली, आणि मशीन खाडकन जाम. स्टार्टर ओढला तर हलेना. फांदी आपल्याच वजनाने फाटली, गर्रकन फिरली आणि खाली दोर धरून उभ्या असलेल्या तुझ्या भाऊजींच्या खांद्यावर आदळली.

भाऊ : काय? कितपत लागलं?

बहीण : हाड मोडलंय. उद्या ऑपरेशन.

भाऊ : अगं, आणि हे मला आत्ता सांगतेस?

बहीण : दवाखान्यातून आले, मशीन खोललं, तेव्हा पिस्टनच्या रिंगचा तुकडा हातात आला. मग तुझ्याकडेच आले. त्या भोकाच्या कडेवर बोट फिरव. काय लागतंय?

भाऊ : ...धार.

बहीण : त्याच धारेत रिंग अडकली आणि तुटली. कड गोल का नाही केलीस?

भाऊ : राहून गेली. मध्येच दुसरं काम आलं. जोडून बघितलं तर मस्त चाललं, म्हणून...

बहीण : राहून गेली! भाजीत मीठ राहून जातं रे! मी या मशीनच्या भरवशावर झाडावर चढते.

भाऊ : तुझ्या भल्यासाठीच केलं ना, ताई.

बहीण : मग विचारायला तोंड नव्हतं? मी नको म्हणाले असते, म्हणून नाही विचारलंस.

भाऊ : हो. म्हणूनच. ...नवा सिलिंडर बसवतो. तोवर माझं शर्यतीचं मशीन घेऊन जा.

बहीण : आग लागो तुझ्या शर्यतीच्या मशीनला!

भाऊ : मग काय करू? मार हवं तर.

बहीण : आमच्याकडे पेट्रोलमध्ये तेल कोण मिसळतं, माहितीये?

भाऊ : भाऊजी.

बहीण : इंजिन जाम झालं म्हटल्यावर त्यांना वाटतंय, त्यांनीच तेल कमी घातलं. खांदा दुखतोय म्हणत नाहीत. 'माझ्या हातून चुकलं, तू पडली असतीस,' एवढंच घोकत पडलेत.

भाऊ : तू सांगितलं नाहीस?

बहीण : मी का सांगू?

(शटर खाली ओढल्याचा आवाज.)

भाऊ : चल. गिऱ्हाइकाला परत पाठवलं. ...ताई, त्यांच्यासमोर सुरुवात कुठून करू?

बहीण : तेल बरोबर होतं, एवढं आधी सांग. बाकीचं मग.