जरा सरकून बसा

लढाईच्या सालातली गोष्ट. शहापूरच्या दवाखान्याच्या ओट्यावर एक नवराबायको बसली होती. नवऱ्याचा उजवा हात कोपरापासून नव्हता. मी त्याच्या उजवीकडे टेकायला गेलो.

"भाऊ, जरा सरकून बसा. तिथं यांचा हात हाय."

मी सरकलो.

"अगो, लोक हसतील. ओंडक्याखाली चिरडला तो डाक्तरानं कापला. आता कुठं हाय हात?"

"आज दुखतोय ना?"

"तळव्यात पालापाचोळ्याचा राब पेटवल्यावानी जळतोय."

"आन् बोटं?"

"मूठ घट्ट वळलीय. उघडतच नाय."

तिनं त्या रिकाम्या जागेवर पदरानं हळूहळू वारा घातला.

"आता?"

"जरा गार वाटतंय."

"मग! म्हणं, कुठं हाय हात!"